रिकामा ग्राइंडर फिरवू नये

"घराला आग लागली, तर स्वयंपाकघरातलं कुठलं सामान आधी उचलून पळशील?"

हा प्रश्न मला विचारणारी बाई आगीच्या बंबावर नोकरीला नव्हती. ती घरमालकीण होती. लग्नानंतर साताऱ्याहून म्हैसूरला आलेलो आम्ही नवरा-बायको तिथल्या हिनकल भागात तिचं घर बघायला गेलो होतो. खाली मालकीण, वर आमच्यासाठी दोन खोल्या, खिडकीत रामफळाचं झाड. भाडं किती आणि पाणी किती वाजता येतं हे विचारायला आम्ही तोंड उघडलं, तोवर बाईंनी घराला आगच लावली.

नवरा म्हणाला, "सर्टिफिकेटं."

"सर्टिफिकेटं स्वयंपाकघरात ठेवतोस काय रे?" तिनं त्याला एकदा नीट पाहून घेतलं. त्यानंतर भाडेकरू म्हणून तो तिच्या हिशेबातच राहिला नाही. "तू सांग गे."

मी म्हणाले, "कुकर."

तिनं डोळे मिटले. नाडी बघणारा वैद्य मिटतो तसे. "कुकरवाली," ती म्हणाली. "सगळं आत आत शिजवणार. तोंडातून शब्द नाही. आणि एक दिवस अशी शिट्टी मारणार की शेजारची चार घरं दचकणार. बरं. ये राहायला."

"भाड्याचं काय?" नवऱ्यानं विचारलं.

"ते मग बोलू की. आधी बाई कुठली ते कळायला नको?"

सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची, आम्हीही म्हणू लागलो. वय पासष्टच्या पुढे. उंची बेताची, रुंदी बेताच्या बाहेर, आणि चाल अशी की मागून पलटण येत असावी. पलटणीचं कारण खरंच होतं. तिचे खापरपणजोबा जुन्या म्हैसूरच्या घोडदळात होते. तेव्हापासून घरात मराठी होतं, पण त्या मराठीवर म्हैसूरच्या पिढ्यान् पिढ्यांची फोडणी बसली होती. मी पहिल्यांदा तिचं बोलणं ऐकून जरा हसले, तेव्हा ती मुळीच रागावली नाही. "आमचं मराठी घोड्यावरून आलं गे," ती म्हणाली. "वाटेत थोडं सांडलं, थोडं कन्नड चिकटलं. अष्टे." अष्टे म्हणजे इतकंच. हा तिचा पूर्णविराम होता. अष्टे म्हटल्यावर त्या विषयावर पुढे बोलणारा माणूस हिनकलमध्ये मी पाहिला नाही.

तिच्या स्वयंपाकघरात एक ग्राइंडर होता. टेबलावरचा चिमुकला नव्हे. जमिनीवर बसणारा, पोलादी पिंपाचा, आत गावदेवासारखा काळा दगड असलेला. सुरू झाला की आमच्या वरच्या खोलीतल्या कपबश्या आपापसात कुजबुजायच्या. अक्का त्याच्यासमोर पाटावर बसायची, मनगटावरचं नवऱ्याचं जुनं घड्याळ कोपराच्या वर सरकवायची, आणि उजवा हात आत घालून कडेचं पीठ मध्ये लोटायची. दगडाचा आणि बोटांचा काही जुना करार असावा, कारण चाळीस वर्षांत एकदाही नख दुखावलं नव्हतं. पीठ लोटताना तिचं तोंड उघडायचं. सुईत दोरा ओवणारी माणसं जीभ बाहेर काढतात ना, तसं. हात पुढे गेला की आ, मागे आला की बंद. समोर बसून बघितलं तर वाटे, पीठ ती ग्राइंडरला भरवते आहे.

दसऱ्यात आयुधपूजेच्या दिवशी म्हैसुरात लोक गाड्या धुऊन हार घालतात, कारखान्यांत यंत्रांना कुंकू लागतं. अक्काच्या घरी खापरपणजोबांची तलवार माळ्यावरून खाली यायची आणि ग्राइंडरच्या पायाशी ठेवली जायची. वर ग्राइंडर, खाली तलवार. तिच्या भावानं एकदा म्हणे हरकत घेतली की तलवारीचा मान वरचा. अक्कानं विचारलं, "हिनं किती लोकांची पोटं फाडली?" भाऊ अभिमानानं म्हणाला, पुष्कळ. "आणि ह्यानं किती भरली? अष्टे."

संध्याकाळी पाचला अक्काच्या जगलीवर आमची सभा भरायची. जगली म्हणजे दारापुढचा ओटा. सदस्य तिघी. एक मी. दुसरी सुमा, पलीकडच्या घरची, म्हैसुरातच जन्मलेली मराठी मास्तरीण, जी मराठीत वाक्य सुरू करायची आणि कन्नडमध्ये संपवायची. तिसरी वैशाली, नागपूरची, जिचा नवरा बेळगोळच्या एका कारखान्यात होता. तिघींना एकाच वर्षात मुलं झाली. त्यामुळे तीन मांड्यांवर तीन पोरं, आणि तिघींच्या जिभेवर एकच विषय: कुणी किती खाल्लं, कुणी किती थुंकलं.

"मी तर वरणभात मिक्सरला लावते अन् पाच मिनिटांत मोकळी होते," वैशाली म्हणायची. "माझा मिक्सर म्हणजे माझा जीव आहे बाप्पा."

"मिक्सरवाली," अक्का पाटावरून निकाल द्यायची. "तीन मिनिटं किंचाळणार, मग गार. हिच्या नवऱ्याला त्रास नाही."

"अन् फ्रीजवाली?"

"तिच्यापासून लांब राहायचं. राग आज येतो, ती झाकून ठेवते. चार दिवसांनी काढून वाढते, थंड."

"अन् अक्का, तुम्ही?"

"मी ग्राइंडर. हळू. पण मध्ये थांबत नाही."

सुमाचं आवडतं उपकरण होतं पिठाची चाळणी. मोड आलेली रागी वाळवायची, दळायची, मलमलीतून चाळायची आणि त्याची सरी, म्हणजे पातळ पेज, शिजवून बाळाला द्यायची, हे ती धर्मकार्यासारखं करत असे. मी म्हणायची, आमच्याकडे बाळाला नाचणीचं सत्त्व देतात, रागीबिगी नको. आम्ही दोघी पंधरा दिवस आपापल्या धान्यासाठी लढलो. सोळाव्या दिवशी अक्कानं दोन्ही डबे उघडून एकाच ताटात ओतले आणि म्हणाली, "आता वेगळं करून दाखवा." एकच धान्य होतं. पण मी तोवर इतकं बोलून बसले होते की पुढेही काही दिवस साताऱ्याच्या नाचणीची चव वेगळी लागते असं म्हणत राहिले.

आता खरी गोष्ट. माझी पोरगी, चिमी, काही खातच नव्हती. नाचणी नाही, रागी नाही, वरणाचं पाणी नाही. आठ महिन्यांची झाली होती. चमचा दिसला की ओठ असे मिटायची की बँकेची तिजोरी बरी. वजनाचा काटा महिनाभर एका जागी उभा होता. आणि माझी रजा संपत आली होती. म्हैसुरातच हेब्बाळला कंपनीत पुन्हा रुजू व्हायचं होतं.

माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. त्यामुळे बाळंतपण सासरी साताऱ्याला झालं. चिमी पहिले चार महिने सासूबाईंच्या मांडीवर वाढली, आणि ती मांडी तेव्हापासून रिकामी झाल्याचं त्यांना सहन होत नव्हतं. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न वजनाचा असायचा. शेवटी एके दिवशी त्या म्हणाल्या, "मी तीन आठवड्यांनी शुक्रवारी येते. माझ्या डोळ्यांसमोर पोरगी वाटीभर खाईल तर ठीक. नाहीतर तिला मी घेऊन येते. तू तुझी नोकरी कर. दोन वर्षांनी शाळेत घालायच्या वेळी घेऊन जा."

त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, हीच तर पंचाईत होती. नवरा म्हणाला, "आईचं अगदीच चूक नाही." मी काही बोलले नाही. कुकरवाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिमीला आणि नाचणीची वाटी घेऊन अक्काकडे गेले, रडायलाच. अक्काचा ग्राइंडर चालू होता. मी तिच्यासमोर बसून रडगाणं सांगायला लागले, हातातला चमचा सवयीनं पुढे केला, आणि चिमीनं तोंड उघडलं. पाखराच्या पिल्लासारखं, टाळू दिसेपर्यंत. मी दचकून दुसरा चमचा दिला. आ. तिसरा. आ. सहाव्या चमच्याला अक्कानं ग्राइंडर बंद केला आणि तिजोरी बंद झाली. सुरू केला, उघडली.

अक्का उठून उभी राहिली. पिठाचा हात तिनं छातीवर ठेवला. "घोडदळाचं रक्त!" ती गरजली. "नगारा वाजल्याशिवाय जेवत नाही!"

"पण अक्का, तुमचं रक्त हिच्यात कसं येईल?"

"घर कुणाचं?"

"तुमचं."

"मग? भिंतीतून येतं. अष्टे."

त्या दिवसापासून चिमीच्या जेवणाच्या दोन वेळा ठरल्या, सकाळी दहा आणि दुपारी चार, ग्राइंडरच्या साक्षीनं. आता कुणीही म्हणेल, यात काय, बटण दाबायचं. मीही म्हणाले. अक्कानं कानांवर हात ठेवले.

"रिकामा? रिकामा ग्राइंडर? तुमच्यात रिकामा पाळणा हलवतात काय?"

"नाही हलवत."

"का?"

"मुलाला चांगलं नसतं म्हणतात."

"मग हा काय वेगळा? ज्यात जीव वाढतो ते रिकामं हलवायचं नाही. आत काहीतरी पाहिजेच. आणि थोडंथोडकं चालत नाही, दगड दगडाला घासतो. किलोभर तरी पाहिजे."

तेव्हा हिशेब सरळ होता. बाळ दिवसातून दोनदा खाणार, म्हणजे दिवसातून दोनदा किलोभर तांदूळ-उडीद वाटणार. तीन वाट्या तांदूळ भिजत घालता घालता मी रोज सासूबाईंच्या शुक्रवारपर्यंतचे दिवस मोजायची. पहिले दोन दिवस इडली. मग दोसा. मग पड्डू, म्हणजे आपले आप्पे. मग पुन्हा इडली. नवरा कामावरून येऊन बूट काढायच्या आधी विचारायचा, "गोल की चपटं?" दहाव्या दिवशी तो स्वप्नात कुणालातरी भाकरी मागत होता.

पीठ तरीही संपेना. मग अक्का पातेली घेऊन गल्लीत निघाली. पहिल्या आठवड्यात लोकांनी आनंदानं घेतलं, दुसऱ्या आठवड्यात संकोचानं घेतलं, तिसऱ्या आठवड्यात तिची पावलं ऐकून दारं आतून लागायला लागली. सुमा शाळेत डबा उघडायच्या आधी म्हणायची, "देवा, इवत्तु उप्पिट्टु इरली," आज उपमा असू दे. वैशालीनं तर अक्काला सरळ हात जोडले. "अक्का, पीठ नका देऊ जी. पाहिजे तर पोरगं घ्या आमचं."

नवऱ्यानं डोकं चालवलं. टेपरेकॉर्डर घेऊन त्यानं ग्राइंडरचा आवाज अर्धा तास भरून घेतला आणि संध्याकाळी वरच्या खोलीत मोठ्या थाटात कॅसेट लावली. गर्रर्रर्र. कपबश्यासुद्धा फसल्या. चिमीनं टेपरेकॉर्डरकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि ओठ मिटले. अक्काला हे कळलं तेव्हा तिला झालेला आनंद मी अजून विसरले नाही. "पोर फसत नाही! कॅसेटमध्ये पीठ आहे काय? खोट्या पंगतीला कोण बसणार?" तिनं ही गोष्ट गल्लीत घरोघरी सांगितली. बरोबर पातेलं होतंच.

वजनाचा काटा मात्र हलला. चिमीच्या मनगटाला पहिली वळी पडली तेव्हा अक्कानं तिथे काजळाचा ठिपका लावला.

आणि शुक्रवार आला.

सासूबाई रिक्षातून उतरल्या तर फाटकात अक्का. रेशमी साडी, हातात ओवाळणीचं ताट, घड्याळ कोपराच्या वर.

"या विहीणबाई," अक्का म्हणाली.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ह्या कोण?"

"मी मुलीकडची," अक्कानं परस्पर सांगितलं आणि ओवाळून टाकलं. माझी आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. मी रिक्षाचे सुटे पैसे शोधायचं निमित्त करून पिशवीत तोंड घातलं.

दुपारी चारला दरबार भरला. अक्काच्या स्वयंपाकघरात मधोमध सासूबाईंना खुर्ची. भिंतीला टेकून सुमा आणि वैशाली, त्यांच्या मांडीवर त्यांची पोरं. माझ्या मांडीवर चिमी, हातात वाटी. अक्कानं ग्राइंडरला नमस्कार केला. बटण दाबलं. दगड फिरला, पिंप घुमलं, अक्काचा हात आत गेला, चिमीनं आ केला. पहिला चमचा आत.

"हं," सासूबाई म्हणाल्या.

मी दुसरा चमचा भरला, आणि करंट गेला.

असली शांतता मी त्या स्वयंपाकघरात कधी ऐकली नव्हती. चिमीनं ओठ मिटले. मी चमचा लावून पाहिला. उजव्या गालाला, डाव्या गालाला. नाही.

"म्हणजे," सासूबाई सावकाश म्हणाल्या, "साताऱ्याची पोरगी खाणार की नाही, हे म्हैसूरच्या विजेनं ठरवायचं?"

अक्का सेनापतीच्या घराण्यातली नसेल, शिपायाच्याच असेल. पण त्या क्षणी तिनं जो हुकूम सोडला त्यानं चार पिढ्या धन्य झाल्या असतील. "तोंडानं!" ती ओरडली. "सगळ्यांनी! गर्रर्रर्र!"

आणि आम्ही केलं. चार बायका, त्यात एक मास्तरीण, एक कंपनीत कॉम्प्युटर चालवणारी, सगळ्या दात घट्ट आवळून गर्रर्रर्र. वैशालीचा सूर मिक्सरकडे झुकत होता, अक्का तिला हातानं खाली आणत होती. वैशालीचं पोरगं घाबरून रडायला लागलं. सुमाचं हसायला लागलं. चिमीनं प्रत्येकीकडे एकेकदा पाहिलं आणि ओठ आणखी आत ओढून घेतले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला होता. त्या रडतायत की हसतायत, मला कळेना.

शेवटी अक्का थांबली. तिचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता. "जाऊ दे," ती म्हणाली. "पीठ तरी काढते, नाहीतर दगडाला बसेल." ती पाटावर टेकली आणि सवयीनं हात आत घातला, कडेचं पीठ मध्ये लोटायला. हात पुढे गेला, तोंड उघडलं.

चिमीनं आ केला.

"थांबा!" सासूबाई खुर्चीतून उठल्या. "पुन्हा करा बघू."

"काय करू?"

"तेच. पीठ लोटा."

अक्कानं लोटलं. अक्काचा आ, चिमीचा आ. अक्काचा हात मागे, दोघींची तोंडं बंद.

"अहो, ती यंत्राकडे कुठे बघतेय?" सासूबाई म्हणाल्या. "ती तुमच्या तोंडाकडे बघतेय!"

मला तीन आठवड्यांचे सगळे दोसे एका ओळीत उभे दिसले. जवळजवळ चाळीस किलो तांदूळ-उडीद आम्ही वाटले होते, एका म्हाताऱ्या बाईनं तोंड उघडावं म्हणून.

सासूबाईंनी माझ्या हातातली वाटी घेतली, चिमीला मांडीवर घेतलं, तिच्या डोळ्यांत बघून मोठ्ठा आ केला, आणि चमचा पुढे केला. गट्ट. दुसरा. गट्ट. वाटी चाटूनपुसून साफ. त्यांनी रिकामी वाटी पालथी करून सगळ्यांना दाखवली.

"झालं तर," त्या म्हणाल्या. "आ करायला मलाही येतं. सोमवारच्या गाडीनं मी पोरगीला घेऊन जाते."

मी वाटीभर खाण्यासाठी इतके दिवस देव पाण्यात ठेवले होते. पोरीनं वाटीभर खाल्लं, आणि तरीही ती चालली होती. नवरा कामावर होता, आणि असता तरी त्याची सर्टिफिकेटं काही उपयोगाची नव्हती. मी अक्काकडे पाहिलं. अक्का पिठाचा हात तसाच वर धरून सासूबाईंना निरखत होती.

"विहीणबाई," ती म्हणाली, "घराला आग लागली, तर स्वयंपाकघरातलं काय आधी उचलाल?"

"हे काय भलतंच?"

"सुम्ने विचारते. उगीच."

"आगीत भांड्यांना कोण विचारतं?" सासूबाई म्हणाल्या, आणि चिमीला आणखी जवळ घेतलं. "नातीला उचलीन."

"बरोबर," अक्का म्हणाली. मग तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. भाड्याचं घर देताना पाहिलं होतं तसं.

आणि मला स्वतःचाच आवाज ऐकू आला, आणि तो बराच मोठा होता. "नातीला उचलाल आई, मला माहीत आहे. आणि मी? मी आतच राहू का?"

चिमी दचकली. सुमा दचकली. पलीकडच्या घरातून कुणीतरी कन्नडमध्ये "काय झालं हो?" असं विचारलं. शेजारची चार घरं मी मोजली नाहीत, पण अक्काचं भाकीत बहुतेक अक्षरशः खरं ठरलं असावं.

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. सून म्हणून मी त्यांच्याशी पाच वर्षांत बोललेलं हे सर्वांत लांब वाक्य होतं. मग त्यांनी चिमीच्या तोंडाला लागलेली नाचणी पदरानं पुसली.

"तुला आत ठेवायला मी काय वैरीण आहे?" त्या म्हणाल्या. आवाज जरा बसला होता. "पण तू हेब्बाळला गेल्यावर दिवसभर हिच्यासमोर आ कोण करणार?"

"मी," अक्का म्हणाली. "तोंड माझंच आहे की."

"तुम्हाला जमेल?"

"अय्यो, चाळीस वर्षं पिठाला भरवते. पोरीला नाही भरवणार?"

"बरं," सासूबाई म्हणाल्या, आणि चिमी त्यांच्या मांडीवरून माझ्या मांडीवर आली. अष्टे.

तेवढ्यात करंट आला, ग्राइंडर आपोआप फिरायला लागला, आणि अक्कानं दोन्ही हात जोडले. यंत्राचा अपमान झाला होता. त्याची समजूत घालायला हवी होती.

सासूबाई सोमवारी गेल्या नाहीत. आठ दिवस राहिल्या, आणि त्या आठ दिवसांत जगलीवरची सभा आम्हा तिघींच्या हातातून कायमची गेली. बाळाला तूप किती, मीठ कधीपासून, हिंग घालावा की नाही, दोघी विहिणी सकाळ-संध्याकाळ भांडायच्या. अक्कानं त्यांना पाटा-वरवंटावाली ठरवलं, "हातानं वाटणारी, दुसऱ्यावर विश्वास नाही." सासूबाईंना ते इतकं आवडलं की साताऱ्यात त्यांनी स्वतःची ओळख तशीच करून द्यायला सुरुवात केली. जाताना मात्र त्यांनी टेबलावरचा छोटा ग्राइंडर विकत घेऊन गाडीत चढवला. फोनवर अक्काचा पहिला प्रश्न असायचा, "रिकामा फिरवत नाही ना?"

"नाही हो," सासूबाई सांगायच्या. "पण आमच्या गल्लीतसुद्धा आता दारं लागायला लागलीत."

मी कामावर रुजू झाले. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरी यायची तेव्हा अक्का आणि चिमी जगलीवर समोरासमोर बसलेल्या असायच्या. मध्ये वाटी. ग्राइंडर आत बंद. एकीचा आ, दुसरीचा आ. पण अक्कानं यंत्राला पदावरून उतरवलं नाही. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "सुरुवात त्यानं केली. मी नंतर आले."

त्या घरात आम्ही सहा वर्षं राहिलो. मग स्वतःचं घर झालं, तेही म्हैसुरातच. आयुधपूजेला आम्ही दरवर्षी तिच्याकडे जायचो. तलवारीला गंज चढत गेला, ग्राइंडर चकाकत राहिला.

मागच्या वर्षी अक्का पडली, आणि त्यानंतर उठलीच नाही. खाणं सोडलं. तिला सांभाळणाऱ्या भाचीनं चमचा पुढे केला की ओठ मिटायची. आम्ही भेटायला गेलो. चिमी आता नोकरी करते, तिच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये मिक्सर आणि मायक्रोवेव्ह आहेत, आणि ही गोष्ट तिनं माझ्याकडून इतक्यांदा ऐकली आहे की मी सुरू केली की ती खोली सोडून जाते. त्या दिवशी ती गेली नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिनं रागीची सरी केली, वाटी घेऊन अक्काच्या पलंगावर समोर बसली आणि मोठ्ठा आ केला.

अक्कानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिचं तोंड उघडलं.

एक चमचा. दोन. तीन. भाची दारात उभी राहून डोळे पुसत होती. मीही पुसणारच होते, पण चौथ्या चमच्याला अक्कानं हात वर केला, घास तोंडात घोळवला, आणि डोळे मिटले. नाडी बघणारा वैद्य मिटतो तसे.

"गाठी राहिल्यात," ती म्हणाली. "मिक्सरवाली."